सर्वांत मागची सायकल

भाऊबीज झाली. नणंदांनी ओवाळलं, ओवाळणी घेतली, फराळाचे डबे पिशवीत भरले आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या आपापल्या घरी गेल्या. मी ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवशी बरोबर न्यायच्या दशम्यांसाठी कणीक भिजवायला घेतली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तू खरंच निघालीस तर!"

"हो."

"या वयात? सायकलवर? आणि तेही कोकणात?"

तीन प्रश्न, आणि तिन्हींचं उत्तर एकच. मी मान हलवली आणि कणीक मळत राहिले.

ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. ४ नोव्हेंबरला पहाटे आम्ही सहा जणी कराडहून सायकली घेऊन निघालो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, गणपतीपुळे करत पाचव्या दिवशी रत्नागिरीला पोहोचलो. सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर. वेगानं जाणाऱ्या तरुण पोरांना हे काहीच वाटणार नाही. पण आमच्यात सगळ्यांत लहान एकोणचाळीस वर्षांची आणि सगळ्यांत मोठी चौपन्न. सहाही जणी संसारी. त्यामुळे आमच्यापुरती ती काशीयात्राच होती.

या प्रवासाचं वर्णन मी बऱ्याच जणींना तोंडी सांगितलं. समुद्र, घाट, मोदक हे सगळं सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी जे घडलं ते सांगायचं मात्र टाळलं, कारण त्यात चूक माझी होती. आज तेच सांगायला बसले आहे.

सहा जणी कशा जमल्या

आमच्यात एक शाळेतल्या बाई, एक इस्पितळातल्या सिस्टर, दोघी सख्ख्या जावा, आमच्या शेजारच्या वहिनी आणि मी. सायकलीचं वेड बाईंनी लावलं. त्या रोज सायकलनं शाळेत जायच्या. त्यांचं बघून सिस्टर आल्या, मग मी. दर रविवारी पहाटे तळबीडपर्यंत जाऊन यायचं, प्रीतिसंगमावर चहा घ्यायचा आणि मुलं उठायच्या आत घरी. हळूहळू पाटणपर्यंत मजल गेली. जावा दोघी एकदमच आल्या. एक आली असती तर दुसरी घरात कुरकुरत बसली असती, असं त्याच हसत सांगतात.

वहिनी सर्वांत शेवटी आल्या. मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची कॉलेजातली सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. साधी लेडीज सायकल. गिअर नाही, पुढे जाळीची टोपली, मागे भलंमोठं कॅरिअर. एका रविवारी त्या ती पुसून, हवा भरून रस्त्यावर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला येऊ द्याल का गं तुमच्यात?"

येऊ द्याल का! आम्हाला काय, आनंदच झाला. पण त्या प्रश्नात काय होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर पाच दिवस मोकळे काढायचं ठरलं तेव्हा खरी कसरत घरात होती. सायकल चालवायला पाय लागतात, घरातून निघायला मात्र सगळं अंग लागतं. मी फ्रिजवर यादी चिकटवली. दूध किती, गॅसची टाकी कधी लावली, कुठल्या डब्यात कुठली डाळ. मुलाला कुकर लावायला शिकवला. ह्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "एवढं लिहिण्यापेक्षा तू न जाणंच सोपं होतं." पण हसून म्हणाले, म्हणून चाललं. सासूबाईंनी मात्र एकच गोष्ट लावून धरली. "मागं एखादी गाडी असू दे. बायका आहात. कुणाला काही झालं तर?"

"गाडी कशाला?" मी म्हटलं. "मागं गाडी असली की मन सारखं गाडीकडे धावतं."

हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

नदीच्या उलट दिशेनं

प्रीतिसंगमावर कृष्णामाईला नमस्कार करून निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. कराडहून कोयनानगर साठेक किलोमीटर. ह्या रस्त्याची एक गंमत आहे. महाबळेश्वराहून निघालेली कोयना सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेला कराडकडे धावते. आम्ही तिच्या उलट चाललो होतो. ती आमच्या गावी येत होती आणि आम्ही तिच्या माहेराच्या वाटेनं. उलट जायचं म्हणजे चढ आलाच, पण तो इतका मंद की पायांना कळतो, डोळ्यांना दिसत नाही.

दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. कारखान्यांचा गळीत हंगाम अजून सुरू व्हायचा होता, म्हणून उसाच्या ट्रॉल्यांचा त्रास नव्हता. तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर हंगामाआधीच करा. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळे प्रचाराच्या गाड्या मात्र भोंगे वाजवत जात होत्या. एका गाडीतल्या पोरानं भोंग्यावरूनच विचारलं, "मावशी, कुठं निघालाय?" वहिनी टोपलीतली पाण्याची बाटली उंचावून ओरडल्या, "समुद्रावर!"

मल्हारपेठेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दुपारी दोनला कोयनानगर. सपाट रस्त्यावर वहिनी आमच्या बरोबरीनं होत्या. संध्याकाळी टपरीवरच्या आजींनी चहाबरोबर भूकंपाची आठवण सांगितली. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर धावलेली माणसं, पडलेली घरं. त्या सांगत होत्या आणि आमच्यापैकी कुणी कप खाली ठेवत नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बाईंनी एक हकिगत सांगितली. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम निघाली, तेव्हा अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. पाण्याच्या कळश्या, मुलं, बाजार सगळं सायकलवर आलं. बससाठी ताटकळणं संपलं. लोकांनी टिंगल केली, पण बायका उतरल्या नाहीत.

अंधारातून वहिनींचा आवाज आला, "त्यांच्या सायकलींना गिअर होते का गं?"

आम्ही सगळ्या हसलो. आता वाटतं, तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

घाट उतरताना

सगळ्या जणी चढाला घाबरतात. पण कुंभार्ली घाट वरून खाली करताना कळलं की भिण्यासारखा खरा उतारच. सुमारे सहाशे मीटर उंचीवरून रस्ता वळणं घेत थेट कोकणात उतरतो. सायकलीला लगाम घालायचा कसा, हे घाटमाथ्यावर उभं राहून सिस्टरनी आम्हाला पोरींसारखं शिकवलं. दोन्ही ब्रेक बरोबर दाबायचे. नुसता पुढचा दाबला तर सायकल पालथी होते. सतत दाबून ठेवायचे नाहीत, दाबायचे, सोडायचे. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. दोघींमध्ये निदान चार-पाच सायकलींचं अंतर. आणि दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं, म्हणजे चाकांच्या कडा आणि हातांचे पंजे दोन्ही गार होतात.

निघण्यापूर्वी कराडला आम्ही सहाही सायकलींची ब्रेकची रबरं नवी घातली होती. तो खर्च सगळ्या प्रवासात सगळ्यांत सत्कारणी लागला. एका वळणावर खडी पसरलेली होती. थोरल्या जावेची सायकल घसरली, गुडघा सोलवटला. सिस्टरनी तिथेच धुऊन पट्टी बांधली. धाकटी जाऊ म्हणाली, "आता घरी सांगू नका हं, नाहीतर म्हणतील दोघींनी मारामारी केली."

पोफळी आली. वर कोयनेचं अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून इथल्या वीजघरात पडतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे कोयनेचं निम्मं मन कराडकडे आणि निम्मं कोकणात. बारा वाजता चिपळूणला पोहोचलो. जिथे उतरलो त्या घरच्या बाईंनी भिंतीवरची रेघ दाखवली. २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. त्या म्हणाल्या, "रंग दिला, पण तेवढी रेघ ठेवली. विसरायला नको."

तिसरा दिवस

चिपळूण ते गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर. आकडा बघून आम्ही निर्धास्त. कोकणातली न्याहरी आंबोळ्या, घावणे, चहा करत लांबली आणि निघायलाच आठ वाजून गेले. तोवर ऊन डोक्यावर आलेलं. कोकणातलं नोव्हेंबरचं ऊन आपल्या घाटावरच्यासारखं कोरडं नसतं. घाम येतो आणि अंगावरच राहतो.

रस्ता म्हणजे एक टेकडी चढा, एक उतरा. गिअरवाल्या आम्ही पाच जणी कशाबशा चढत होतो. वहिनी प्रत्येक चढाला उतरून सायकल ढकलत होत्या. आम्ही पुढे जायचो, सावली बघून थांबायचो, पाणी प्यायचो, गप्पा मारायचो. दहा मिनिटांनी वहिनी लाल चेहऱ्यानं यायच्या. आणि त्या आल्या की मी उठायचे. "चला, आल्या वहिनी. निघू या."

मैत्रिणींनो, जरा विचार करा. आमची विश्रांती दहा मिनिटांची. वहिनींची किती? घोटभर पाण्याची. सगळ्यांत जास्त दमलेल्या बाईला सगळ्यांत कमी बसायला मिळत होतं, आणि हे चुकीचं आहे असं सहा जणींपैकी एकीच्याही तोंडून निघालं नाही. वहिनींच्याही नाही.

मार्गताम्हाण्याला असंच झालं. त्यानंतर बाई थोडा वेळ त्यांच्याबरोबर होत्या, पण वहिनींनीच त्यांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." बाई पुढे आल्या. शृंगारतळीच्या बाजारात आम्ही पाच जणी कोकम सरबत घेऊन बसलो. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. फोन लावला तर लागेना. सरबताचा दुसरा पेला माझ्या घशाखाली उतरेना. सासूबाईंचं वाक्य आठवलं. कुणाला काही झालं तर?

मी आणि सिस्टर मागे फिरलो. जे उतार मघाशी मजेत सोडले होते तेच आता चढ झाले होते. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसतील. सात किलोमीटर मागे एका एस.टी. थांब्याच्या शेडला टेकवलेली ती लेडीज सायकल दिसली. आत बाकावर वहिनी बसल्या होत्या. बूट काढलेले, पदरानं वारा घालत. शेजारी रिकामा तांब्या. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं होतं आणि घरून ताक आणून दिलं होतं. पोटरीत गोळा आला होता, पाणी संपलं होतं.

"वहिनी, अहो, फोन तरी करायचा!"

"रेंज नाही. आणि केला असता तर काय सांगणार होते? मी मागे राहिले म्हणून? ते तुम्हाला दिसत होतंच की."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्या पुढे म्हणाल्या, "मी चिपळूणची गाडी पकडते. तिथून कराड. सायकल टपावर टाकतील नाहीतर राहू दे इथेच. तुमची सुट्टी माझ्यापायी खराब नको."

सिस्टरनी त्यांची नाडी बघितली, ओला रुमाल डोक्यावर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पोटरी चोळायला घेतली. मी नुसती उभी. मग वहिनी माझ्याकडे न बघता बोलल्या.

"घरी रोज सगळ्यांना वाढून मी शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, चपाती गार झालेली असते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही गं. आपलंच घर आहे. पण इथे मी वाढायला आले नव्हते. मला वाटलं होतं, इथे तरी पंगतीत बसायला मिळेल."

मला काय बोलावं सुचेना. एवढ्यात चिपळूणची एस.टी. आलीच. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "मावशी, येताय ना?"

वहिनी उठल्या. बूट घालायला वाकल्या. पाय सुजले होते, बूट काही चढेना. कंडक्टर क्षणभर थांबला, मग त्यानं दोरी ओढली. टणटण झालं आणि गाडी गेली. वहिनी एका पायात बूट घालून तिच्याकडे बघत राहिल्या आणि अचानक हसायलाच लागल्या. "बघ, इथंही मागेच राहिले!"

मग मात्र आम्ही तिघी हसलो आणि रडलोही. मी म्हटलं, "माझी सायकल घ्या. मी तुमची घेते." "मला गिअर कुठं जमतात?" "दोन बटणं आहेत, मिक्सरला तीन असतात." त्या तयार झाल्या.

डब्याचं ओझं

त्यांच्या सायकलवर मी बसले आणि पहिल्या चढालाच माझे डोळे उघडले. सीट इतकी खाली होती की गुडघे पोटाला लागत होते. तीन दिवस त्या तशाच चालवत होत्या आणि आमच्यापैकी कुणी ते बघितलंही नव्हतं. पण खरी लाज पुढेच होती. सायकल उचलून वळवायला गेले तर मागचं चाक हलेना. कॅरिअरवर बांधलेला स्टीलचा मोठा डबा! त्यात सहा जणींचा फराळ. लाडू, चकल्या, शंकरपाळी, चिवडा. वर औषधांची पेटी आणि सामाईक साबण-टॉवेलची पिशवी. निघताना आम्हीच म्हटलं होतं, "वहिनींकडे द्या, त्यांचं कॅरिअर मोठं आहे." तीन दिवस आम्ही त्यांच्या पाठीवरचे लाडू खात होतो आणि वर त्यांना हळू म्हणत होतो.

त्या दिवशी गुहागरला पोहोचायला सूर्य कलला. मी जवळजवळ प्रत्येक चढ ढकलत आले. पण त्या रात्री आम्ही समुद्राच्या पाण्यात पाय सोडून बसलो आणि सगळ्यांसमोर मी माझी चूक कबूल केली. मग चार गोष्टी ठरवल्या.

पुढे वहिनी. त्यांच्या वेगापेक्षा कुणी पुढे जायचं नाही. थांबल्यावर विश्रांतीचं घड्याळ शेवटची बाई बसल्यापासून मोजायचं. सामाईक सामान सहा ठिकाणी वाटायचं. आणि शेवटच्या बाईबरोबर कायम एक जण राहील. ही पाळी आळीपाळीनं. नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात तिला आपण पाठराखीण म्हणतो. बाईंनी तेच नाव दिलं. त्या दिवसापासून आमच्या गटात पाठराखीण असते.

रात्री घरी फोन केला. सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, "मी सांगितलं नव्हतं?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी नव्हती ते राहू दे. माणूस तरी ठेवायचं होतंस मागं."

वहिनी पुढे

चौथ्या दिवशी सहालाच निघालो. गुहागरहून दक्षिणेला पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळपर्यंत रस्ता समुद्राला धरून जातो. धरून म्हणजे काय, दर खाडीला खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. वहिनी माझ्या गिअरच्या सायकलवर सगळ्यांच्या पुढे. वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. भात कापून झालेली खाचरं, अंगणात रचलेला पेंढा, आणि वळणावळणावर मध्येच चमकून जाणारा समुद्र. आदल्या दिवशी एवढा प्रदेश मी ओलांडला, पण त्यातलं काहीच मला आठवत नाही. त्या दिवशीचं मात्र सगळं आठवतं.

गंमत अशी, की हळू जाऊनही आम्ही ठरल्या वेळेच्या आधी पोहोचलो. हिशेब साधा आहे. कुणासाठी ताटकळणं नाही, कुणाला शोधायला मागे जाणं नाही, उन्हात धावून दमणं नाही. हेदवीच्या दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन अकराच्या सुमाराला तवसाळच्या धक्क्यावर होतो. तिथून जयगडला मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडायची. सायकली मोटारींच्या रांगेत उभ्या केल्या. मुंबईच्या एका बाईंनी गाडीची काच खाली करून विचारलं, "तुमच्यातल्या लीडर कोण?" आम्ही पाच जणींनी वहिनींकडे बोट दाखवलं. वहिनी लाजून खाडीकडे बघायला लागल्या.

पलीकडे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. तिथल्या स्मारकात घटकाभर बसलो. संध्याकाळी गणपतीपुळ्याला उकडीचे मोदक. वाढणाऱ्या काकूंना बाईंनी सांगितलं, "आधी ह्या ताटात." पहिला मोदक, पहिली तुपाची धार वहिनींच्या ताटात पडली. वहिनींनी आमच्या सगळ्यांच्या ताटात पडेपर्यंत काही तो तोंडात घातला नाही. पाच दिवसांत सवय थोडीच जाते!

पाचव्या दिवशी आरे-वारेच्या त्या प्रसिद्ध चढावर आम्ही सहाही जणी उतरून सायकली ढकलत चढलो. दोघींना चढवता आलं असतं. त्या चढल्या नाहीत. वर उभं राहून दोन्ही बाजूंचा समुद्र एकत्रच पाहिला. दुपारी रत्नागिरी. सायकली छोट्या टेम्पोत भरल्या आणि आम्ही अर्ध्या तिकिटात एस.टी.नं घरी.

तुम्हालाही निघायचं असेल तर

सायकल: डोंगरी रस्त्यावर गिअरची सायकल हवीच. नसेल तर भाड्यानं किंवा नातेवाइकांकडून मिळवा. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली तर पाय सरळ होतो. ही एक गोष्ट गुडघे वाचवते. निघण्याआधी ब्रेकची रबरं, टायर, साखळीचं तेल बघून घ्या. पंक्चर काढायला निदान दोघींनी शिका. हवेचा पंप आणि दोन जादा ट्यूब बरोबर असू द्या.

सराव: निदान दोन-तीन महिने आधीपासून. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस तीस-चाळीस किलोमीटर करून बघा. एक दिवस सगळ्यांना जमतो; खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना होते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचं दुखणं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

कपडे: ओढणी आणि सैल सलवार साखळीत अडकते. कुडत्याखाली पायाला घट्ट बसणारी विजार घाला. सायकलस्वारांसाठी गादी लावलेली आतली चड्डी मिळते. ती आतून घातली की बाहेर कुणाला कळत नाही आणि बसणं सुसह्य होतं. मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा. हेल्मेट घाला, केसांचा अंबाडा मानेवर खाली बांधला की ते नीट बसतं.

खाणं-पिणं: तहान लागायची वाट बघू नका. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट घोट प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवा, चमचा चहाचा. दर तासाला काहीतरी तोंडात टाका. रव्याचा किंवा डिंकाचा लाडू, शेंगदाणा-गुळाची चिक्की, केळं, खजूर. दुपारी भरपेट जेवून चढ चढू नका.

बायकांच्या अडचणी: लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या बायकांची जुनी खोड. ती उन्हात महागात पडते. त्याऐवजी एस.टी. स्थानकं, पेट्रोल पंप, देवळांची भक्तनिवासं यांची यादी आधी करा. लाजू नका, घरात विचारा. कोकणात कुणी नाही म्हणालं नाही. पाळीचे दिवस असतील तर सामान जास्त घ्या आणि त्या दिवशी मुक्काम जवळचा ठेवा, बस्स.

आणि मुख्य म्हणजे: पहाटे निघा, ऊन चढायच्या आत निम्मं अंतर कापा, अंधारात घाट करू नका. रोजचं अंतर सर्वांत मागच्या बाईला विचारून ठरवा.

घरी आल्यावर

घरी आले तेव्हा फ्रिजवरची यादी तशीच होती, पण कुकर काळा झाला होता आणि पोहे संपले होते. म्हणजे घर चाललं होतं. सासूबाईंनी खिचडी टाकली होती. पानं मांडली, ह्यांनी आणि मुलानं हात धुतले. मी सवयीनं वाढायला उभी राहिले. खिचडी वाढली, कढी वाढली, पापड ठेवला. मुलगा पहिला घास उचलणार तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. तुझी आई बसू दे."

बासष्ट वर्षं त्या घरात त्यांनीही शेवटीच जेवण घेतलं होतं. ते मला त्या क्षणापर्यंत कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

रोज जमतं असं नाही. सकाळच्या घाईत डबे, शाळा, ऑफिस. कोण कुणासाठी थांबणार? पण रात्रीचं जेवण बहुतेक दिवस आम्ही एकत्र घेतो. भांडी मध्ये ठेवायची, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. चपात्या थोड्या गार होतात. पण सगळ्यांच्याच होतात.

वहिनींच्या घरचं मी विचारलं नाही. एवढंच दिसलं, की संक्रांतीला त्यांच्या मुलीनं त्यांना गिअरची सायकल घेऊन दिली. जुनी सायकल त्यांनी विकली नाही. आमच्या रविवारच्या गटात नवी बाई आली की ती तिला देतात, सीटची उंची स्वतः बघून लावून देतात, आणि मग तिच्या मागे राहतात. पाठराखीण म्हणून.